केवळ चेष्टा

पोलीस ठाणे, बालाघाट. दिनांक ९ ऑक्टोबर १९८६, दुपारी १२.१०.

नाव: कु. कालिंदी शालिकराम शिवणकर. वय: २६ वर्षे. व्यवसाय: ट्रेसर, सरकारी बांधकाम कार्यालय (शिक्षण: आय.टी.आय., ड्राफ्ट्समन). राहणार: स्टेशनच्या मागे, बालाघाट.

मी समक्ष हजर राहून सांगते की, माझ्या वडिलांनी चुकीच्या तपासाबद्दल पोलिसांविरुद्ध येथील दिवाणी न्यायालयात भरपाईचा दावा लावला आहे. त्यावरून सुरू झालेल्या खात्याच्या चौकशीत मला बोलावण्यात आले. हा जबाब मराठीत असून मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. चौकशी करणाऱ्या उपनिरीक्षक साहेबांनी आधी हरकत घेतली, नंतर सोबत हिंदी भाषांतर लावायचे ठरले. ते तपासल्याशिवाय मी सही करणार नाही, असे त्यांना सांगितले आहे.

वडील शालिकराम, तेव्हा वय ५३, उकव्याकडे एका कंत्राटदाराच्या मँगनीज खाणीत पंप चालवत. १५ मार्च १९८४ रोजी सकाळी साडेनऊच्या सुमारास त्यांच्याबरोबर काम करणारा भोजराज खाणीच्या कडेवरून साडेचार मीटर खाली पडला आणि बेशुद्ध झाला. जवळ फक्त वडील होते. दुपारी त्यांना तिकडच्या ठाण्यात नेण्यात आले.

तपास हवालदार खेमराज यांच्याकडे होता. त्यांनी हिंदीत विचारले, वडिलांनी मराठीत उत्तर दिले. कागदावर उतरलेली ओळ अशी: "मैंने धक्का नहीं दिया, केवल चेष्टा की थी।" खाली "पढ़कर सुनाया, सही है" असे लिहून वडिलांचा अंगठा घेतला आहे. वाचून दाखवले होते, हे वडील नाकारत नाहीत. त्यांना ते बरोबरच वाटले.

मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवून वडिलांना अटक करण्यात आली.

१६ मार्चला हवालदारांनी ती ओळ मला दाखवली. म्हणाले, "मैडम, आप तो पढ़ी-लिखी हो। खुद पढ़ लो।" माझी शाळा हिंदी. मी ती ओळ हिंदीत वाचली. त्यानंतर अकरा दिवस मी वडिलांना भेटायला गेले नाही. त्याचे कारण वेगळे नोंदवण्याची गरज नाही.

२७ मार्चला आई मला घेऊन जेलमध्ये गेली. मी विचारले, "बाबा, तुम्ही खरंच प्रयत्न केलता का?" वडील म्हणाले, "कायचा प्रयत्न व? चेष्टा केली मी त्याची. चेष्टेले जेल असते, हे मले काय मालूम?" भेटीला दहा मिनिटे होती. 

त्याच दिवशी तीन वाजता ठाण्यात जाऊन मी हवालदारांना दोन्ही अर्थ सांगितले. ते म्हणाले, "थाना मध्यप्रदेश में है, मैडम। यहाँ चेष्टा माने चेष्टा।" मी लेखी अर्ज दिला. पोच मिळाली नाही. भोजराज तीन दिवसांपूर्वीच शुद्धीवर आला होता. त्याच्याकडे कोणी गेले नाही. त्याला पहिल्यांदा विचारले ते न्यायालयात, २२ जानेवारी १९८५ रोजी. तो म्हणाला, "शालिकभाऊनं नाही ढकललं. माहा पाय सरकला." ६ फेब्रुवारीला वडील निर्दोष सुटले. ती ओळ न्यायालयाने पुरावा म्हणून घेतलीच नाही. तपास मात्र तिच्यापुढे गेला नव्हता.

अटकेचा आणि सुटकेचा असे दोन्ही दिवस धरून वडील ३२९ दिवस आत होते. खाणीत परत काम मिळाले नाही. पूर्वी ते घरात सर्वांची चेष्टा करत, माझी सर्वांत जास्त. आता करत नाहीत. ही बाब दाव्यात नाही.

दावा मागे घेणार का, असे साहेबांनी मला विचारले. दावा वडिलांचा आहे, ते बाहेर बाकावर बसले आहेत, असे मी सांगितले. त्यांना आत बोलावले. साहेब म्हणाले, "काका, वापस ले लो। इस उमर में कहाँ कचहरी के चक्कर काटोगे?" वडील म्हणाले, "पह्यले पोरीनं काय लिवलं, थे आयकू द्या."

मी वरील सर्व वाचून दाखवले. ते म्हणाले, "बराबर हाय. पन चेष्टा काय केलती, थे कुठी हाय?"

ते लिहिलेले नाही, कारण मला माहीत नव्हते. हवालदारांनी विचारले नव्हते. वकिलांनी आणि न्यायालयानेही विचारले नाही. अडीच वर्षांत मीही विचारले नाही.

वडिलांनी सांगितले ते त्यांच्याच शब्दांत लिहिते: "भोजराजनं बाजारातून नवे गमबूट आनलते. दोन नंबर मोठे. मी म्हनलं, काबे भोज्या, तूनं बूट घातले का बुटानं तुले घातलं? थो हासला. हासत हासत बूट दाखवाले पाय उचलला, अन् गेला. ढकललं नाही मी. हासवलं मीच."

साहेबांनी दाव्याचे पुन्हा विचारले. वडील म्हणाले, "दावा राहू द्या. हे कोनी इचारलं असतं, तं मी त्याच दिवशी सांगतलं असतं."

ही भर घालून मी जबाब पुन्हा पहिल्यापासून मोठ्याने वाचला. वडिलांनी ऐकला आणि त्यांना समजला. "समजला" हा शब्द नेहमीच्या मजकुरात नसतो, तो माझ्या सांगण्यावरून ठेवला आहे. सोबतचे हिंदी भाषांतर मी तपासले आहे. मजकूर बरोबर आहे.

सही: कालिंदी शा. शिवणकर