फातिमाखालाची भूल

आमच्या शेजारच्या फातिमाखालाने गुडघा बदलायला ऐन वेळी नकार दिला, तेव्हा मी तिथेच होते. मी कुठे नसते म्हणा! घरच्या चार पायऱ्या चढताना बिचारी रडायची, तरी कागदावर सही करीना. भूल देणारे डॉक्टर समजावून दमले, "खाला, दुखणार नाही. नंतर दुखलंच तर औषध देऊ."

"दुखण्याला कोण घाबरतंय? भुलीत माणूस मनातलं बडबडतो म्हणतात," माझ्याकडे बघत खाला म्हणाली.

डॉक्टर हसले. "पाठीत एक सुई, मुंगी चावल्यासारखी. कमरेखालचं तेवढं बधिर होईल. तोंड तुमच्याच ताब्यात."

खालाने लगेच सही केली.

मला मात्र चैन पडेना. ती वॉकर धरून चालायला लागली, त्या दिवशी मी विचारलंच, "खाला, मनातलं ते काय होतं?"

"रागावू नको हां. तुझं लोणचं वीस वर्षं मी देवरूखला नणंदेकडे धाडते. खारट असतं गो."

राग आला, पण राहवेना. "मग नणंदेला तरी आवडतं ना?"

"ती पावसला लेकीकडे धाडते."