अण्णांच्या कानातला चिनी माल

...आणि वर मलाच म्हणतात, "तूच तर सांगितलंस!" आता सीमेवर चीननं काही केलं की तेरखेड्यात आमच्याच दारात यायचं का? पण आले! दारासमोरच्या चौकात चिनी मालाची होळी पेटलेली, पुढं माझा चुलतभाऊ कुलदीपदादा, मागं पन्नास जण, आणि एकदम आरोळी, "चिनी माल भाईर काढाऽऽ!" तुम्हाला सांगते, मी पडले दचकणारी! फटाक्याच्या गावात जन्मले, बीएस्सी झाले, तरी कुकरची शिट्टी झाली की हातातलं ताट खाली! तोंडातून निघून गेलं, "अण्णांच्या कानात आहे!"

संपलं...

अण्णा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं सुतळी बॉम्ब वळून कान गेलेले. पहिल्या पगारातून मी ऐकायचं यंत्र आणलं, चिनी, कारण परवडलं तेच! कारखान्यात फटाक्याची दारू भरताना कुणी "पळा!" ओरडलं तर ऐकू नको यायला? नाहीतर माणूस घरी पोत्यात येतो!

पण दादानं यंत्र उपटलंच! "काका, ह्ये समदी गुपितं चीनला कळवतंय!" कसली गुपितं हो? आईची भाजी खारट झाली, ही? "जवान जीव देतेत, तुमाला कान देता येईना व्हय?" अण्णांना कुठलं ऐकू येतंय... म्हणाले, "बसा की, पोरगी चहा टाकती."

मी कसंबसं म्हटलं, "दादा, तुमच्या हातातला मोबाइल कुठला?"

"ह्ये हत्यार हाय, माल न्हाय! लाइव्ह कोण करील मग, तुझा बाप?" आणि लोकलाजेस्तव मोबाइलचं कव्हर काढून आगीत टाकलं. कव्हर! काय टाळ्या पडल्या! त्यावर अण्णांचं यंत्र. आतली बॅटरी फुटली फट्‌कन, एवढीशी... पन्नास देशभक्त थेट गटारापर्यंत! मी तर त्यांच्याही पुढं, तुम्हाला सांगते, मी पडले दचकणारी! आगीजवळ एकटे अण्णा. "का पळालं रं समदं?"

दुसऱ्या दिवशी कारखान्याचे मालक अण्णांना ओरडून म्हणाले, "लिंबाजी, बहिऱ्याला दारूपाशी ठिवत न्हाय. पोरीला सोबत बशीव, न्हायतर घरी बस." सोडली मी नोकरी! आता दिवसभर अण्णांच्या समोर बसते. मी दचकले की अण्णा पळतात. काल नऊ वेळा पळाले... चारदा पाल, चारदा चिमणी, एकदा मालकांची शिंक.

आज दादा येऊन माझा फोटो काढून गेला. खाली काय लिहिलंय, माहितीय? 'ऐकायचं यंत्र. शंभर टक्के स्वदेशी.'