कठड्याची उंची

ग्वादियाना नदीकाठच्या बसथांब्यावर मी रांगेत उभी होते, बाळ खांद्यावर झोपलेलं. पुढे म्हातारे नावाडी बेल्मिरुकाका आणि घाटाच्या पायऱ्यांना कठडा करायला आलेली वास्तुकार इल्दा.

“सहा वर्षं झाली गं पोरी, नदीच्या पाण्याला हात लावला नाही. गुडघे ऐकत नाहीत. पण तुझा कठडा पहिल्याच पुरात वाहून जाणार.”

“नाही जाणार. पुराआधी काढून ठेवायचा.”

“आणि रोवायला त्या जुन्या दगडांना भोकं पाडणार?”

“एकही नाही, काका. चिखल काढला तर भोकं आधीचीच निघाली. चौदा! एका पायरीआड एक.”

“कुणी पाडली?”

“ज्यांनी घाट बांधला, त्या रोमन लोकांनीच. खांब काढून-घालून आतून गुळगुळीत झालीत.”

“म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही कुणाचे तरी गुडघे दुखत होते!”

“हो ना. मी फक्त लाकूड घालणार. उंची तेवढी दगड सांगत नाहीत.”

“मग?”

“तुम्ही पायरी उतरल्यासारखं करून दाखवा. इथेच.”

काकांनी पिशवी खाली ठेवली, डोळे मिटले आणि हवेत हात टेकून एक पाऊल पुढे टाकलं. इल्दा त्यांच्या पायाशी बसून हातापर्यंत टेप धरत होती.

बस आली, पण चढलं कुणीच नाही.