संवादवाल्यांचं ‘कळवतो’

नाही, ज्या कुणी ते वाक्य लिहिलंय ना, त्याला एकदा आणून माझ्यासमोर उभा करा! ‘विद्यार्थी मंडळांत सहभागी व्हा, व्यक्तिमत्त्व फुलवा!’ विद्यापीठाच्या माहितीपत्रकात, पहिल्याच पानावर, आणि खाली चार मुलं एका लॅपटॉपकडे बघून खदाखदा हसतायत. लॅपटॉपकडे बघून असं हसतं का हो कुणी? मी इथे आल्यापासून लॅपटॉपकडे बघून फक्त रडलेय. फसवणूक आहे ही! गुळगुळीत कागदावर, चार रंगांत छापलेली धडधडीत फसवणूक!

तुम्हाला सांगते, मी संवादशास्त्र शिकते. म्हणजे एका माणसानं दुसऱ्या माणसाला एखादी गोष्ट कळवायची कशी, याची चक्क पदवी घेतेय. दादा म्हणाला, ‘‘बोलायची पदवी? हिला? हिला गप्प बसायची द्या कुणीतरी!’’ आई म्हणाली, ‘‘असू दे रे. आता निदान पोहोचल्यावर फोन तरी करेल.’’ बघा, घरच्यांच्या अपेक्षा इतक्याच. पण माझ्या? माझ्या आभाळाला टेकलेल्या! मला वाटलं, जग बदलायचं तर आधी जगाला सांगावं लागतं, आणि सांगायचं कसं ते या संवादशास्त्र विभागातलीच माणसं शिकवणार…

तर पहिल्याच आठवड्यात व्हरांड्यात मंडळांची टेबलं मांडलेली. वादविवाद मंडळ, वार्तापत्र मंडळ, चित्रपट मंडळ, जनसंपर्क मंडळ, आणि कोपऱ्यात रेडिओ मंडळ. आणि या सगळ्या टेबलांमागे… एकच माणूस! खरं सांगते. एका टेबलावरून उठायचा, दुसऱ्यावर बसायचा. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, सगळ्या मंडळांचा अध्यक्ष. आम्ही त्याला सर्वाध्यक्षच म्हणतो. मी म्हटलं, मला पाचही मंडळांत यायचंय. तो इतक्या प्रेमानं हसला, इतक्या प्रेमानं, की मी तेव्हाच पळून जायला हवं होतं. म्हणाला, ‘‘वा! अशीच तडफ पाहिजे. भरपूर एक्स्पोजर मिळेल. पहिली बैठक कधी ते… कळवतो!’’

कळवतो! हा शब्द नीट ऐकून ठेवा. दोन महिने वाट बघितली मी त्या बैठकीची. शेवटी जिन्यात गाठला त्याला. तर म्हणे, ‘‘अगं, बैठक झाली की! तू का नाही आलीस? तुला गांभीर्यच नाही!’’ म्हटलं, मला कुणी कळवलं नाही. म्हणाला, ‘‘असं कसं? बैठकीतच तर ठरलं, की सगळ्यांना कळवायचं!’’

आणि ते एक्स्पोजर म्हणजे काय, माहितीये? खुर्च्या. वादविवाद असो, चित्रपट असो, पाहुण्यांचं भाषण असो, मी खुर्च्या मांडल्या आणि खुर्च्या उचलल्या. खुर्चीचा लोभ वाईट म्हणतात. अहो, मी इतक्या खुर्च्या हाताळल्यात की खुर्ची बघितली तरी कंबर धरते!

पण रेडिओ… रेडिओवर माझा जीव जडला. जिन्याखालची खोली. आत एक मायक्रोफोन, एक डुगडुगतं टेबल, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, आणि इथून निघालेली वायर थेट उपाहारगृहासमोरच्या चौकातल्या कर्ण्याला. इथे बोललं की तिथे ऐकू येतं! याहून सरळ संवाद असतो का जगात? आणि अशा या खोलीवर नजर पडली विभागप्रमुख मॅडमची. म्हणाल्या, ‘‘ही जागा वाया जातेय. ऐकतं कोण तुमचं? मोडक्या खुर्च्या ठेवायला खोली हवीच आहे.’’ पुन्हा खुर्च्या! या जन्मी खुर्च्या माझी पाठ सोडणार नाहीत.

मी भांडले. तणतणले. म्हटलं, मॅडम, एक संधी द्या. त्या म्हणाल्या, ‘‘ठीक आहे. शुक्रवारी संध्याकाळी कार्यक्रम करा. मी स्वतः चौकात येऊन बसेन. लोक ऐकताना दिसले तर खोली तुमची. नाहीतर खुर्च्यांची.’’

मग काय, अंगात वारंच शिरलं माझ्या! विषय तयारच होता. आमचं वाचनालय सहाला बंद. शेवटचा तास सुटतो तोही सहाला. म्हणजे दिवसभर तास करणाऱ्यानं वाचायचं कधी? स्वप्नात? घरी जागा नाही, वसतिगृहात गोंगाट… हा अन्याय नाही? ठरवलं, ग्रंथपालांनाच बोलवायचं आणि सगळ्यांच्या देखत, म्हणजे सगळ्यांच्या ऐकत, जाब विचारायचा!

आता कार्यक्रमाची जाहिरात. पोस्टर काढणारी मुलगी कलावंत. तिनं काय काढलं? कान. एक अवाढव्य, गुलाबी, केसाळ कान. बाकी वार नाही, वेळ नाही, जागा नाही. मी विचारलं तर मान तिरकी करून म्हणाली, ‘‘अक्षरं आली ना, की कानाला श्वास घेता येत नाही गं.’’ कानाला श्वास! दुसऱ्या दिवशी एक प्राध्यापक खालच्या आवाजात मला विचारत होते, ‘‘कानाचे डॉक्टर कितीपर्यंत असतात?’’

मी सर्वाध्यक्षाकडे धावले. म्हटलं, लोकांना वेळ कोण सांगणार? तो म्हणाला, ‘‘काळजी नको. रोज जाहिरात चाललीये.’’ कुठे? ‘‘कुठे म्हणजे? रेडिओवर!’’ म्हटलं, पण रेडिओ कुणी ऐकत नाही म्हणून तर हा कार्यक्रम! ‘‘हो ना, म्हणूनच तर जाहिरात!’’ आणि कधी? तर सकाळी, सगळे वर्गात असताना. का? ‘‘तेव्हा चौकात कुणी नसतं, त्यामुळे कुणाला आवाजाचा त्रास होत नाही.’’

दिव्याखाली अंधार ऐकलं होतं… इथे कर्ण्याखाली बहिरेपण! मी म्हटलं, मीच सांगते जाऊन वर्गावर्गांत. तर म्हणाला, ‘‘छे, ते जनसंपर्क मंडळाचं काम. मी त्यांना कळवतो.’’ जनसंपर्क मंडळाचा अध्यक्ष कोण? हाच! स्वतःला कळवायलाही याला वेळ झाला नाही हो!

म्हणून मी स्वतःच निघाले. तीन वर्ग फिरले. तिन्हीकडे माझं बोलणं संपायच्या आत मुलांनी एकच विचारलं, ‘‘खुर्च्या मांडायला यायचंय का?’’

उजाडला शुक्रवार. ग्रंथपाल आले, वेळेवर आले. सज्जन माणूस, हातरुमाल घडी करून मांडीवर ठेवला आणि बसले. मायक्रोफोनवरचा लाल दिवा लागला. मी म्हणजे… काय सांगू तुम्हाला! शब्द नुसते उसळत होते. म्हटलं, ‘‘महोदय, ज्ञानाचं दार सहाला बंद करण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?’’

ते म्हणाले, ‘‘कुणीच नाही. आठपर्यंत उघडं असतं.’’

म्हटलं, ‘‘काय?’’

‘‘गेल्या वर्षापासून. विद्यार्थी येतच नाहीत हो. मी आपला एकटाच बसतो आठपर्यंत. वाईट वाटतं.’’

‘‘पण… पण कुणाला कळवलं नाहीत तुम्ही?’’

‘‘कळवलं की! फळ्यावर लिहिलंय ठळक अक्षरांत.’’

‘‘कुठल्या फळ्यावर?’’

‘‘आतल्या. वाचनकक्षातल्या. सहा वाजले की मी तो फळा पुढे काढून ठेवतो.’’

क्षणभर मला वाटलं, हा माणूस आमच्याच विभागातून शिकून गेला असणार! पण मग लक्षात आलं… अगं वेडे, बातमी! खरीखुरी, ताजी, लोकांच्या उपयोगाची बातमी लागलीये तुझ्या हाताला! मी मायक्रोफोन दोन्ही हातांनी धरला आणि ओरडले, ‘‘मित्रहो, वाचनालय आठपर्यंत उघडं आहे! पुन्हा सांगते, आठपर्यंत!’’ आवाज फुटला माझा. डोळ्यांत पाणी आलं. याचसाठी तर आले होते मी इथे!

आणि कार्यक्रम संपवून चौकात धावले.

खुर्च्या. मीच मांडलेल्या, ओळीनं, रिकाम्या. पहिल्या रांगेत मॅडम. आणि बरोबर कर्ण्याखाली एक गणिताचा विद्यार्थी, वहीत डोकं घालून बसलेला. एक तर एक! श्रोता आहे! मी त्याच्याजवळ गेले. तर कानांत हेडफोन. ते काढून म्हणाला, ‘‘ताई, हा कर्णा बंद कुठून करायचा? अभ्यास होत नाही.’’

मी म्हटलं, ‘‘अरे, मग वाचनालयात जा ना!’’

म्हणाला, ‘‘सहा वाजून गेले. बंद झालं असेल ते.’’

मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे, मग त्या मुलाकडे, मग एवढ्या सगळ्या खुर्च्यांकडे बघितलं. त्याला श्रोता धरायचं की नाही, याचा विचार करत असाव्यात. मी हात जोडून म्हटलं, मॅडम, बातमी खरी होती हो! त्या उठल्या, पर्स खांद्याला लावली आणि म्हणाल्या, ‘‘हो, बातमी चांगली होती. खोलीचं काय ते… कळवते.’’

कळवते! झालं! सोमवारी गेले मी, मंगळवारी गेले. मॅडम बैठकीत. सर्वाध्यक्ष म्हणाला, ‘‘मॅडमनी मला कळवलं की मी तुला कळवतो.’’ आज सकाळी शेवटी तडक जिन्याखाली गेले, तर रेडिओच्या दाराला हे एवढं नवंकोरं कुलूप! बाहेर स्टुलावर शिपाईमामा चहा पीत बसलेले. म्हटलं, मामा, खोलीचा निर्णय झाला का? आमची की खुर्च्यांची? निदान कुणी सांगायचं तरी!

मामांनी शांतपणे चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, ‘‘असं काय करतेस पोरी? मॅडमनी नोटीस लावलीय की कालच. आतल्या भिंतीवर. किल्ली आली की कळवतो.’’