उलटं कातडं

काय सांगू तुमाला, माझं म्हायेर सांगोल्याच्या अंगाला, निस्ता माळ, मेंढरं आन वारा. बाप माझा घोड्याचा साज शिवायचा, लगाम, खोगीर, पट्टे. त्याला पोरगा न्हवता, मग मला बसवलं म्होरं. दोन दाभनं, एक दोरा, एकाच भोकातनं दोन्हीकडनं घालायची आन वढायची, टाका दोन्ही अंगानं सारखा दिसला पायजे, न्हाय दिसला तर बाप बोलायचा न्हाय, उसवून पुन्ना माझ्या म्होरं टाकायचा. आन दोन गोष्टी त्यानं डोस्क्यात बसवल्या. कातड्याची गुळगुळीत बाजू वर, खरबरीत आत. आन साज झाला की त्याला करडईचं तेल पाजायचं, पोटभर, कातडं पुरे म्हनेस्तवर. तेल न पाजता साज गिऱ्हाइकाला दिला तर बापाला वाटायचं लेक उपाशी सासरला धाडली. दोन्ही गोष्टी खऱ्या हायती, पन घोड्यासाठी.

लगीन होऊन हितं सोलापुरात भवानी पेठंत आले. मालक बी ह्याच धंद्यातलं, नाव न्हाय घ्यायची मी, तुमी काय बी लिवा. मानूस लई चांगला, पन तिशीतच नजर अधू झाली. दाभनाचं भोक दिसंना. मग ठरलं असं की कापायचं ह्यांनी, हाताच्या अदमासानं, आन शिवायचं मी, पडद्याआड बसून. गिऱ्हाइकाला सांगायचं ह्यांनीच शिवलं. बाईमानसानं शिवलेला लगाम कोन घेतंय तवा? वाहवा ह्यांना मिळायची, मी आत बोटाला फडकं गुंडाळत बसायची. राग यायचा का? यायचा की! पन चूल पेटत व्हती.

मग मोटारी आल्या. टांगं कमी झालं, साज कोन करंना. हुसेनभाई म्हनून टांगेवाला व्हता, त्याच्या घोड्याचा साज आमचाच. त्यानं बी घोडं इकलं, मोटार शिकला आन सुताचे व्यापारी अप्पा व्हते त्यांच्या मोटारीवर लागला. एक दिस आला तो काखंत चाक मारून. मोटार वळवायचं, हातातलं चाक हो. लाकडी व्हतं, सोलापूरचं ऊन खाऊन तडकलेलं, हुसेनभाईच्या तळहातात ढलप्या घुसत व्हत्या. म्हनाला, मास्तर, ह्याला कातडं चढवा. मालक म्हनाले, चढवतो की, त्यात काय!

मी भिजवून वलं कातडं तानलं, टाका आतल्या अंगाला घेतला म्हंजी बोटाला लागू नये. तीन दिस लागलं. वर गुळगुळीत, चकचकीत. आन मग तेल पाजलं. पोटभर.

आठ दिस मोटार गावातल्या गावात फिरली, सकाळ-संध्याकाळ, काय झालं न्हाय. मग अप्पा अक्कलकोटाकडं गेले, आन येताना भर दुपारी वळनावर चाक हातातनं सुटलं, मोटार चारीत. अप्पांचं कपाळ फुटलं, हुसेनभाईचं डावं मनगट मोडलं. अप्पा म्हनाले, पेंगत व्हतास तू, उद्यापास्नं येऊ नगंस. आमी दोघं बघायला गेलो तर हात गळ्यात बांधून बसलेला, घरात चार ल्योकरं. आन काय म्हनाला म्हाईत हाय? मेराच ध्यान नै था, भाबी. अहो, त्यो सोताला दोस देत व्हता!

पन चाक भर दुपारीच सुटलं, ते माझ्या डोस्क्यातनं जाईना. घरी आले, त्याच कातड्याची एक पट्टी उरली व्हती तेल पाजलेली, ती उंबऱ्याभायेर उनात टाकली. घटकाभरानं उचलली तर तळहात माझा तेलानं चकाकला. घोड्याचा लगाम मानूस हाताला येढा मारून धरतो, तो कशाला निसटतोय! चाकाला येढा कुटला?

मालकांना सांगितलं. म्हनाले, गप ऱ्हा, नाव जाईल, आधीच काम न्हाय, आन तू शिवतीस हे कळलं तर पेठंत तोंड दावायला जागा न्हाय. मी म्हनलं, त्याच्या चुलीचं काय? मी पट्टी घेतली, डोईवर पदर घेतला आन निघाले.

अप्पा वट्यावर बसले व्हते, कपाळाला पट्टी. मी म्हनलं, अप्पा, हात करा. मी काय मागायला आलेय असं वाटलं त्यांना. उनात तापलेली ती पट्टी त्यांच्या हातात ठिवली, म्हनलं, आवळून धरा, मी वढते. वढली, सुळ्ळकन आली. अप्पा आपला तेलकट हात बघत बसले. मग कानडीत म्हनाले, यार माड्यारी, म्हंजी कुनी केलं हे? म्हनलं, मी. मालकांनी न्हाय, मी शिवलं, मीच तेल पाजलं. हुसेनभाईला कामावर घ्या, मला काय शिक्षा द्यायची ती द्या.

अप्पांनी तेलकट हात धोतराला पुसला. मग म्हनाले, मनगट बरं झालं की ये म्हनावं त्याला. आन चाक तूच नीट करून दे.

मग मी ते सगळं उसवलं. बापासारकंच, न बोलता. नवं कातडं घेतलं, तेलाचा थेंब दावला न्हाय, आन खरबरीत बाजू वर घेतली. उलटं कातडं! हात थांबला माझा, बाप असता तर दारात उभं केलं नसतं. पन हुसेनभाईनं धरून बघितलं आन म्हनाला, अब पकड्या.

त्यानंतर पडदा काढला. चार दिस मालक बोलले न्हाईत माझ्याशी, पाचव्या दिवशी आपनच गिऱ्हाइकाला म्हनाले, तिला सांगा, ती शिवती. आता मोटारवाले येत्यात, लॉरीवाले येत्यात, चाक मलाच देत्यात. मी शिवते, दुपारच्या उनात ठिवते आन आपल्या हातानं आवळून बघते, मगच देते.

हुसेनभाई अजून अप्पांच्याच मोटारीवर हाय. दारावरनं गेला की भोंगा वाजवतो आन डावा हात वर करतो. तो हात सरळ व्हत न्हाय पुरता. त्याला वाटतंय तो मला सलाम करतोय. मला ते वाकडं मनगटच दिसतंय हो. मी बी हात करते. देवानं त्याच्या हातातलं चाक काढू नये, येवढंच मागनं.