पाळकसाहेबांच्या शाळेत आमची आरोही

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळीचे ज्येष्ठ वडील राधाकिशनकाका, बाहेरगावाहून आलेले पाहुणे पाळक, आज ज्यांना आपण निरोप देतोय ते आदरणीय पाळकसाहेब, आणि माजलगावच्या मंडळीतील माझ्या भावाबहिणींनो, आपणा सर्वांना सुकन्याचा जय ख्रिस्त.

पालकांच्या वतीनं मी दोन शब्द बोलावेत, असं महिला मंडळानं ठरवलं. साहेबांच्या मानचिन्हावर ‘शिक्षणप्रेमी’ असं कोरलंय, तेव्हा एक आई बोललेली बरी दिसेल, असं काका म्हणाले. काकांचा शब्द मी कधी मोडला नाही.

साहेब आपल्याकडं आले, तेव्हा आपली सगळ्यांची लेकरं जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. साहेबांना ते पटलं नाही. उपासनेत त्यांनी विचारलं, “तुमचं लेकरू सहा दिवस दुसऱ्याचं आणि एकच दिवस प्रभूचं, हे चालेल का?” कुठल्या आईच्या काळजाला असा प्रश्न लागणार नाही? चर्चच्या मागच्या हॉलमध्ये साहेबांनी शाळा काढली. इंग्रजी माध्यम, बाहेरून आलेली पुस्तकं, मेघालयातून आलेल्या दोन गोड ताई. आमची आरोही पाचवी पास झाली होती. आम्ही तिला तिथं घातलं.

आमचे मालक, सुरज, साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतात. ते साहेबांना एवढंच म्हणाले होते, “साहेब, शाळंला मान्यता हाय ना?” साहेब हसले, बोट वर केलं आणि म्हणाले, “मान्यता वरून येते, सुरज.” आमच्या मालकांना वाटलं, वरून म्हणजे पुण्याहून. आता तुम्ही हसताय. तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

एकच बाई तयार झाली नाही. माझी जाऊ, अंजना. ती म्हणाली, “माझी ऋतुजा घरी प्रार्थना करती, शाळंत गणित करती. तेवढं बास हाय मला.” पुढच्या रविवारी व्यासपीठावरून उपदेश झाला. जगाच्या नादी लागणाऱ्या आयांवर. नाव घेतलं नाही, पण माना कुणाकडं वळल्या ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझीही वळली. त्यानंतर कितीतरी महिने तिच्या शेजारी बाकावर कुणी बसत नव्हतं.

खोटं कशाला बोलू, शाळा छान होती. पोरगी इंग्रजीत गाणी म्हणायची, वचनं पाठ म्हणायची. नेकनूरचे पाहुणे आले की आम्ही तिला मुद्दाम बोलायला लावायचो. ती आनंदात होती. साहेबांनी पोरांवर माया केली, हेही मी या माईकवरून सांगते. साहेबांची स्वतःची मुलं मात्र संभाजीनगरच्या मान्यता असलेल्या शाळेत होती. बाईसाहेबांची नोकरी तिथं होती ना. मी समजू शकते.

मग सरकारी माणसं आली आणि हॉलला कुलूप लागलं. ताई आपल्या गावी गेल्या. आरोहीची आठवी नुकतीच झाली होती. मी तिला घेऊन गावातल्या हायस्कूलला गेले. मुख्याध्यापक चांगले होते. म्हणाले, “बाई, आमच्या लेखी तुमची मुलगी पाचवीच शिकलीय. वयाचा विचार करून मी तिला आठवीत बसवतो. यापुढं माझा इलाज नाही.”

ती आठवीत बसली. इतिहास मराठीत, विज्ञान मराठीत. उभं राहून वाचायला सांगितलं की जोडाक्षरापाशी अडायची. पोरं तिला ‘मॅडम’ म्हणायची. एक दिवस घरी आली, दप्तर काढलं आणि म्हणाली, “मम्मी, मला इंग्रजी येतं तर ते हसत्यात, मराठी येत न्हाई तरी हसत्यात. मी न्हाई जाणार.” सुरजनी समजावलं, मी रागावले, शेवटी हात जोडले. ती गेली नाही.

मी साहेबांकडं गेले. विचारलं, “साहेब, आता काय करू?”

साहेब म्हणाले, “प्रार्थना करा, सुकन्याबाई. प्रभूची योजना आपल्याला लगेच कळत नाही.”

मी म्हटलं, “पण साहेब, ही योजना तुमची होती.”

त्यावर साहेबांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. मोठी सुंदर प्रार्थना होती.

आज आरोहीच्याच वयाची ऋतुजा बारावी सायन्सला आहे. आमची आरोही मोंढ्याजवळच्या साड्यांच्या दुकानात घड्या घालते. दुकानाचा मालक चांगला आहे, जेवायला वेळेवर सोडतो. आणि साहेबांना बढती मिळालीय. आता तीन जिल्ह्यांतल्या मंडळ्यांमध्ये नव्या शाळा काढण्याचं काम त्यांच्याकडं आलंय. अभिनंदन, साहेब. मनापासून म्हणते का, ते प्रभूला माहीत.

महिला मंडळाची इच्छा होती की साहेबांना गुच्छ आरोहीनं द्यावा. त्यांच्या शाळेची पहिली विद्यार्थिनी. सकाळी मी तिला तसं म्हटलं. ती तयारही झाली, केसं विंचरली. मग दारात थांबून मला म्हणाली, “मम्मी, साहेबांनी विचारलं, ‘बेटा, पुढं काय करतेस?’ तर काय सांगू?”

मी तिची ओढणी सारखी करत राहिले. तिनं चपला काढल्या आणि आत गेली.

तेव्हा गुच्छ मीच देते. साहेब, घ्या. जपून, गुलाबाचे काटे काढायचे राहिलेत.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल आभारी आहे. रागाच्या भरात एखादा शब्द कमीजास्त गेला असेल, तर मंडळीनं मला क्षमा करावी. मी निदान मागतेय. आपल्यात ती न मागताही मिळते, हे मी पाहिलंय.

जय ख्रिस्त.