बादलचा वाढदिवस

हसू नका बायांनो, पण मला आमच्या बैलाचा लई राग येतो.

आमचं तलवाड्याचं घर माणसांनी भरलेलं, त्यामुळं सारखा कुणाचा तरी वाढदिवस असतोच. माझा परवा होऊन गेला, कुणाला आठवला बी न्हाई. अन् दुसऱ्याच दिवशी आमच्या ह्यांनी बैलाचा केला! बादल नाव त्याचं. त्याच्या शिंगांना फुगे, भावकीला जेवण अन् वेशीत ह्यो एवढा मोठा फ्लेक्स. खाली शुभेच्छुकांत माझा फोटो, तिकिटाएवढा.

हे म्हणाले, "तोंड काहून पाडलंय?"

"माझा वाढदिवस कवा असतो, सांगा बरं."

हे बादलच्या शिंगाचा फुगा नीट करायला लागले. सासूबाईंनीच लेकाची बाजू घेतली. "आगं, बादल आपल्या गोठ्यात जन्मला म्हणून त्याची तारीख ध्यानात हाय. तू काय हितं जन्मलीस व्हय?"

सगळं घर हसलं. ह्यांनी केकचा तुकडा माझ्या हातात दिला. "चल, तूच भरव त्याला."

मी हात पुढं केला. बादलनं हुंगलं अन् तोंड फिरवलं.

"ऱ्हाऊ दे," सासूबाई म्हणाल्या, "तूच खाऊन टाक."

लग्नानंतर पहिल्यांदा मला वाढदिवसाचा केक मिळाला. त्यो बी एक दिवस उशिरा, अन् बैलानं हुंगून सोडलेला.